वानोळा

‘असा शब्दच नाही,’ उन्मेष म्हणाला.

शुभदाने नुकतेच अक्षरांचे तीन ठोकळे पटावर मांडले होते. वा, नो, ळा. दिल्लीत, द्वारकेतल्या मराठी मंडळाच्या शब्दखेळाची अंतिम फेरी होती आणि ही शेवटची खेळी. शब्द टिकला तर शुभदा जिंकणार, नाहीतर उन्मेष. तो पुण्याहून गुडगावच्या कंपनीत आला होता आणि आल्या दिवसापासून मंडळातल्या प्रत्येकाचं मराठी दुरुस्त करत होता. शुभदा दिल्लीतच जन्मलेली. तिच्या तोंडून ‘मी बोलली’ निघालं की हा सगळ्यांसमोर हसायचा. तीही हसून साजरं करायची. घरी गेल्यावर मात्र तिला फार लागायचं.

‘माझी आई म्हणायची हा शब्द,’ ती म्हणाली.

‘आई काय, काहीही म्हणतात यार. माझी आई रिमोटला टकटक म्हणते.’

सभागृह हसलं. शुभदाचे कान तापले. आईला जाऊन वर्षही झालं नव्हतं, आणि इथे भर सभेत तिचा शब्द खोटा ठरत होता. करंडक गेला खड्ड्यात, हा शब्द जाता कामा नये, असं तिला वाटलं.

पंच होते पद्माकरकाका. त्यांनी छोटा कोश चाळला आणि मान हलवली. मुंबईत जन्म गेलेल्या काकांच्या कानावरही हा शब्द कधी आला नव्हता. पण मंडळाचा एक जुना नियम होता. कोशात नसलेला शब्द हजर असलेल्या तिसऱ्याच कोणाच्या घरी वापरात असेल आणि त्याने अर्थ सांगितला, तर तो ग्राह्य. तोवर खेळाडूने तोंड उघडायचं नाही.

काकांनी माइक हातात घेतला. ‘वानोळा! कोणाच्या घरी म्हणतात?’

कोथरूडने दादरकडे पाहिलं, दादरने डोंबिवलीकडे. एकही हात वर झाला नाही. उन्मेष ठोकळे उचलायला लागलासुद्धा.

‘हमारे घर!’

मागच्या रांगेत मिसेस भाटिया उभ्या राहिल्या होत्या. शुभदाच्या समोरच्या फ्लॅटमधल्या. मंडळाच्या कार्यक्रमांना त्या निव्वळ बटाटेवड्यांसाठी यायच्या आणि ते लपवायच्याही नाहीत.

‘आंटीजी, ये मराठी का कॉम्पिटिशन है,’ उन्मेष म्हणाला.

‘तो? पूछा है, बता रही हूँ।’ त्यांनी वड्याची बशी शेजारणीच्या हाती दिली. ‘अपने पौधे का पहला फल उतरे, पहली सब्ज़ी उतरे, तो पहले थोड़ा पड़ोस में देते हैं। चखने के लिए। वही वानोळा। मेरी सास देती थीं, अब मैं देती हूँ। करनाल में मेरी ननद भी देती है।’

काका खुर्चीतून उठलेच. ‘अरे, वानगी! वानगीदाखल म्हणतो ना आपण? चवीपुरतं, नमुन्याला! त्याच घराण्यातला दिसतोय हा. बिल्कुल ग्राह्य!’

टाळ्यांचा नुसता कडकडाट झाला. उन्मेषची बायको वल्लरी सगळ्यात जोरात वाजवत होती. खुद्द उन्मेषनेही ‘मानलं’ म्हणत हात पुढे केला.

शुभदाला तो हात दिसलाच नाही. तिला आई दिसत होती. कुंडीतल्या झाडाची पहिली लिंबं वाटीत घेऊन भाटियांच्या सासूबाईंचं दार वाजवणारी आई. मिसेस भाटिया तेव्हा दिवसभर बँकेत असायच्या. आईला हिंदी धड यायचं नाही. ती वाटी पुढे करायची आणि एवढा एकच शब्द बोलायची. शुभदाच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि तिने त्या पुसल्याही नाहीत.

मिसेस भाटियांनी येऊन तिला पोटाशी धरलं.

‘पर बेटा,’ त्या हळूच म्हणाल्या, ‘ये मराठी में भी होता है? हम तो आज तक इसे पंजाबी समझते रहे!’