रंकाळ्याखालचं कोल्हापूर

रविवारी दुपारी मित्रांना जमवायचं आणि फासे टाकत एखादी अचाट गोष्ट खेळायची, हा धैर्यशीलचा नाद. या खेपेला त्यानं डोकं लढवून खेळासाठी एक गूढ कट रचला. रंकाळा तलावाच्या तळाशी दुसरं कोल्हापूर आहे आणि तिथली माणसं वर येऊन आपल्या माणसांची जागा घेतात. असा माणूस स्वतःच्याच घरात बसून 'मला घरी न्या' म्हणतो. त्याला तीन दिवस उपाशी बांधून ठेवलं, की खरा माणूस वर येतो. खेळाला रंगत यावी म्हणून त्यानं हे व्हॉट्सॲपवरच्या फॉरवर्डसारखं लिहून मित्रांना पाठवलं. एकानं ते गंमत म्हणून पुढं ढकललं.

पंधरा दिवसांनी तो गडमुडशिंगीला चुलत्यांकडं गेला. सालभरात सगळंच विसरत चाललेले चुलते गुंडूअण्णा गोठ्यात होते, म्हशीच्या दाव्यानं बांधलेले. ओठ पार सुकले होते. चुलतभाऊ अमरसिंहनं मोबाईल पुढं धरला. "ह्यात लिवल्यालं समदं जुळतंय बघ. आज तिसरा दिवस हाय."

"अरं, ते मी लिवलंय! खेळातलं हाय, सगळं खोटं!" ओरडतच धैर्यशील दावं सोडायला धावला.

अण्णांनी त्याचा हात घट्ट धरला.



"तू लिवलंस व्हय? मग सांग की लेकरा, खरा गुंडू कवा येणार? तुझी काकी त्याची लई वाट बघाय लागलीया."