चटईबाहेरचा पाहुणा

बागेतल्या बहरलेल्या साकुराच्या झाडाखाली मादोकाच्या घरच्यांनी निळी चटई अंथरून त्यावर जेवणाचे डबे ठेवले होते. कडेला सगळ्यांचे बूट ओळीत मांडलेले. मादोकाला मागणी घालायला आलेला शुन्पेई मात्र बुटांसकट चटईबाहेरच खांबासारखा उभा. "बसा की!" तिची आई तिसऱ्यांदा म्हणाली. "उभ्याने फुलं छान दिसतात," तो पुटपुटला. "फुलं काय पळून चाललीत? काढ ते बूट!" मादोका खेकसली. गुडघे मुडपून ताठ बसलेल्या तिच्या वडिलांची नजर त्याच्यावरून हलेना. शेवटी बूट निघाले. फाटक्या मोज्यातून अंगठा डोकावला. वडिलांनी अंगठा बराच वेळ न्याहाळला, मग अवघडलेले पाय सावकाश पसरले. त्यांचे तर दोन्ही अंगठे बाहेर! "अहो, पाहुणा येणार म्हणून नवे मोजे दिले होते ना?" आई कडाडली. "कसला पाहुणा?" अंगठे हलवत वडील म्हणाले. "शुन्पेई, तो डबा सरकव इकडे."