गळपट्टीवरचे मणी

म्हैसूरच्या मनोरुग्णांच्या इस्पितळात दाखल करताना सोयराबाईंच्या गळ्यातली तुळशीची माळ काढून घेतली. दोऱ्याने जिवाचे बरेवाईट करतील, ही भीती. माळेविना अन्न त्यांना वर्ज्य होते. “विठोबा जेवू देत नाही,” त्या म्हणाल्या, तर डॉक्टरांनी तो भास समजून गोळ्या वाढवल्या. तेव्हापासून त्या गप्पच. आज नवी समुपदेशिका मोडक्या मराठीत म्हणाली, “अज्जी, प्रशिक्षणात शिकले, आधी रीत विचारायची. तुमच्या सुनेला विचारली. माळेशिवाय जेवण नाही ना?” सोयराबाईंनी तोंड फिरवले. गोड बोलून आणखी काय वदवून घेणार ही? तिने पोलके पुढे ठेवले. गळपट्टीवर त्यांच्याच माळेचे मणी सुटेसुटे टाचले होते. “दोरा नाही, पण गळ्याशीच राहतील. चालेल?” जन्म शिवणकामात घालवलेल्या सोयराबाईंनी संशयाने एकेक मणी ओढून पाहिला. “कुणी शिवलं?” “मीच.” “अय्यो, टाके सैल पडलेत गं,” म्हणत पोलके घालून त्यांनी निवलेले ताट जवळ ओढले.