चौथ्या सिलिंडरमधला श्वास

इंद्रजीतच्या रेसच्या गाडीचा चौथा पिस्टन वितळायच्या बेतात होता. पण सत्यमच्या मते तसं काही नव्हतंच, तेव्हा आपणही नव्हतं असंच धरून चालू.

पडेगावच्या गॅरेजात दोघं भागीदार. इंजिन सत्यमनं बांधलेलं, आणि रविवारी ते पळवणार होता इंद्रजीत. तपासायला काढले की तीन स्पार्क प्लग तपकिरी निघायचे, चौथा मात्र पांढराफटक. म्हणजे त्या सिलिंडरला हवा जास्त नि पेट्रोल कमी. असं इंजिन भर वेगात दगा देतं.

"इंजेक्टर बदलला, हवा कुठून ओढत नाय," सत्यम म्हणाला. "तू लई शंका घेतो, इंद्रा."

आतला आवाज ऐकायला इंद्रजीतनं चालू इंजिनाला लांब पेचकस टेकवला आणि त्याची मूठ कानाला लावली. तीन सिलिंडर गुमान ठोके देत होते. चौथ्यात कुणीतरी श्वास आत ओढत होतं. सोडत मात्र नव्हतं.

त्यानं इंजिन बंद केलं. श्वास चालूच राहिला.

"सत्या, ऐक जरा," म्हणत त्यानं मान वळवली. सत्यम खेटूनच उभा होता, हसतमुख. त्याची छाती हलत नव्हती.

"कधीपासून?"

"भागीदारी केली तेव्हापासून. तू कधी इचारलंच नाय."

पेचकस कानापासून सुटेना. इंद्रजीतच्या छातीतली हवा हळूहळू पेचकसातून चौथ्या सिलिंडरकडं निघाली. उरलेल्या दमात तो तहसीलदाराला अर्ज करावा तसं म्हणाला, "तरी भागीदारीच्या करारानुसार माझ्या हिश्श्याची हवा मला विनाविलंब परत मिळावी, ही नम्र विनंती."