नुसता गार्ड

"ताई, मुठी गालाला लावा. हनुवटी खाली. कोपरं बरगड्यांना चिकटवून ठेवायची," कोच म्हणाला.

टीपॉय भिंतीकडे सरकवून दोघं बाहेरच्या खोलीत उभी होती. खुर्चीत तिचे वडील पेंगत होते. या कोचला लहानपणी बॉक्सिंग त्यांनीच शिकवलं होतं. याला काय, अर्ध्या गावाला शिकवलं होतं. हल्ली ते कुणालाच ओळखत नसत. लेक दाढी करायला गेली की ठोसा लगावत. त्यांचं तरी काय चुकलं? अनोळखी बाई ब्लेड घेऊन गळ्याशी आली, तर तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं.

तिच्या डोळ्याखाली काळंनिळं झालं होतं. भावाने फोनवर साफ सांगितलं होतं, पुन्हा अशी खूण दिसली तर बाबा वृद्धाश्रमात. बोलायला त्याचं काय जातंय!

"गार्डनंतर आपला ठोसा असतो, ताई. नुसता गार्ड म्हणजे मार खात राहणं."

"मग काय, मारू त्यांना? तू नुसता गार्डच शिकव."

कोचने मान खाली घातली. गुरूच्याच घरात, गुरूच्याच हातापासून वाचायला शिकवायचं. काय वेळ आली होती बिचाऱ्यावर! त्याने हलकासा ठोसा टाकला. तिचं कोपर बाहेर गेलं.

"कोपर आत!"

आवाज खुर्चीतून आला. दोघं दचकली. बाबा उठून उभे राहिले होते. कोचला बाजूला सारून ते तिच्यासमोर आले आणि तिच्या मुठी धरून हळूच गालांना टेकवल्या. किती दिवसांनी ते हात तिला असे मायेने लागत होते.

"अस्सं. आता हलायचं नाही."

त्यांचा ठोसा तिच्या मनगटावर बसला. लगेच दुसरा. हात झिणझिणला, पण तिने गार्ड सोडला नाही. मनगटावरचं बाहीत झाकता येतं.

"शाबास, पोरी! घरी सांगून आलीस ना?"

"हो... सर."

"माझी लेकही मागे लागलीय, मलाही शिकवा म्हणून. नाही आणत मी तिला." त्यांनी पाय रोवले, मूठ मागे घेतली. "तिच्यावर कुणी हात उचललेला मला बघवायचा नाही. चल, हात वर!"

तिचे डोळे डबडबले. समोरचं काही दिसेना. पण पुसायचे तर हात खाली घ्यावे लागले असते.