हुबेहूब

आजोबांना सांभाळणाऱ्या बाईंना आजोबांच्या मुलाचं तोंड बघितलं तरी शिसारी यायची. महिनोन्महिने बापाच्या खोलीत न फिरकणारा हा पन्नाशीचा बाप्या, वेशभूषा स्पर्धेत एका कादंबरीतला जख्ख म्हातारा व्हायचं म्हणून आता रोज तासभर पलंगाशेजारी ठाण मांडून बसायचा. हात कसा थरथरतो, सूप हनुवटीवरून कसं ओघळतं, सगळं वहीत टिपून घ्यायचा. "पात्राच्या मनात शिरावं लागतं हो ताई," असं वर बाईंनाच ऐकवायचा. ओघळलेलं सूप मात्र बाईंनीच पुसायचं.

आजोबा बिचारे हरखून गेले होते. "बघा, पोरगा बसतो हं आता माझ्यापाशी!"

पहिल्या फेरीला तो बापाचा स्वेटर, चष्मा आणि काठीसुद्धा घेऊन गेला. संध्याकाळी काठीविना बाथरूमकडे निघालेले आजोबा दारातच कोसळले. बाई धावत पोचल्या आणि त्यांच्या मागोमाग, फेरी जिंकून आलेला मुलगाही.

त्यानं काठी भिंतीला टेकवली, खिशातून मोबाईल काढला आणि म्हणाला, "ताई, लगेच उचलू नका. अंतिम फेरीत मला अस्संच पडायचंय."