कुठल्याही बर्फाची स्की

बाबांना जाऊन महिना झाला होता. ल्युब्लियाना शहरातून ब्लाझदादा डोंगरातल्या बोहिनला आला आणि बाबांच्या स्कीच्या दुकानात शिरताच म्हणाला, "नेझा, मला एकच जोडी हवी. वेगात डगमगणार नाही, पण झाडांमधून खेळकरपणे वळेल अशी. कडक बर्फ, भुसभुशीत बर्फ, तिला सगळं चाललं पाहिजे." दोन आठवडे त्याने म्हणे याचाच अभ्यास केला होता.

"बायको बघताना एवढी चौकशी केली नव्हतीस," मी म्हटलं आणि मागच्या खोलीतून एक जोडी आणली.

त्याने ती मधोमध तळव्याने दाबून पाहिली, कडांवरून नख फिरवलं. मग बरोबर आणलेला स्वतःचा बूट तिच्यात अडकवला. तो खटकन बसला.

"बघ, मापासाठी एक स्क्रूसुद्धा हलवावा लागला नाही. अगं, हीच ती. माझ्यापासून लपवून का ठेवली होतीस?"

तरी खात्री हवी म्हणून त्याने फोनवर तिचं नाव शोधलं आणि त्याचा चेहरा पडला. "तीन वर्षं जुनं मॉडेल आहे हे. पडून राहिलेला माल घरच्या माणसाच्या गळ्यात मारतेस होय?"

 

"त्या वर्षी नाताळला तू नक्की येतो म्हणालास, म्हणून बाबांनी ती तुझ्यासाठी आणली होती. पुढच्या दोन्ही नाताळांना त्यांनी तिला नुसतं मेण लावून तयार ठेवलं."